भागूबाईचा दोर

शहरात गटारांना नुकती झाकणं बसली होती, तेव्हाची गोष्ट. भागूबाई घूस तुंबलेल्या गटारात उतरणार होती. तिने मुहूर्त काढला, नारळ फोडला, परतल्यावर जेवायला पाटही मांडून घेतला.

म्हातारा बेडूक म्हणाला, "आत हवा कशी आहे ते आधी काजव्याला बघू द्या. आणि तुमचा दोर वर कोण धरणार?"

"साठ बिळं खणलीत मी. मला कसला दोर?" भागूबाईने नाक मुरडलं.

बेडकाने काजव्याला दोरीला बांधून आत सोडलं. लगेच वर ओढलं, तर तो विझलेला. भोवळ येऊन तो भागूबाईच्याच पाटावर आडवा झाला.

भागूबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग दोरीकडे.

"झाकण उघडंच राहू द्या," ती म्हणाली. "काजवा पेटलेला वर येईल तेव्हाच उतरू. आणि बेडूकराव, माझ्यासाठी दोर जरा जाड आणा."