पांढऱ्या ठिपक्याचा मान

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापिका शस्त्रागारात पंच म्हणून बसली होती. ती मी. जे डोळ्यांसमोर घडेल ते पाहणे आणि जसे घडले तसे लिहिणे, एवढेच माझे काम होते. मागील वर्षीच्या चाचणीचा अहवाल वरच्या कार्यालयातून परत आला होता, कारण कोणती वस्तू फुटली आणि कोणती टिकली हेच त्यातील वाक्यांवरून कोणाला उमगले नव्हते. म्हणून या वर्षी आमच्या डोंगराळ जिल्ह्यातील सशस्त्र दलाच्या अधिकाऱ्यांनी मला बोलावले. माझ्या संमतीवाचून इतिवृत्तातला एक स्वल्पविरामही हलणार नाही, अशी अट मी घातली. त्यांनी ती मान्य केली.

चाचणी मॅगझिनांची होती. मॅगझिन म्हणजे रायफलीखाली बसणारी काडतुसांची पेटी. तिच्या तळाशी स्प्रिंग असते. ती काडतुसे एकेक करून वर ढकलते आणि तोंडाच्या दोन कडा त्यांना सरळ धरतात. त्या कडा जराशा फाकल्या तरी काडतूस वाकडे चढते आणि रायफल मुकी होते. दलापुढे तीन प्रकार होते : जुने पत्र्याचे, एक काळे पॉलिमरचे आणि एक मातकट रंगाचे, तेही पॉलिमरचेच. पॉलिमर म्हणजे टणक जातीचे प्लॅस्टिक. प्रत्येकी आठ नग.

चाचणी घेणारे वृद्ध गृहस्थ चाळीस वर्षे शस्त्रे दुरुस्त करीत आलेले. त्यांना सारे ‘उस्ताद’ म्हणत. त्यांच्या हाताखाली दौलत मडावी नावाचा तरुण शिकत होता. तो शाळेत माझाच विद्यार्थी होता. अक्षर वाईट, नजर उत्तम. मातकट मॅगझिने विकणारा व्यापारीही हजर होता. त्याने पेढ्यांचा डबा आधीच आणला होता. “निकाल लागण्यापूर्वी पेढे?” असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “बाई, पोरगं हुशार असलं की बाप आधीच आणून ठेवतो.”

तीन दिवस मी पाहत होते. पेट्यांत नकली काडतुसे भरून त्या खांद्याच्या उंचीवरून सिमेंटवर टाकल्या. तळावर, कुशीवर आणि शेवटी तोंडावर. दिवसभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा टाकल्या. पत्र्याच्या शेडवर दुपारच्या उन्हात तापवून पुन्हा टाकल्या. त्यांच्यावरून जीप नेली. पत्र्याच्या आठांपैकी पाचांची तोंडे वाकली. काळ्या आठांपैकी सहा तडकल्या. ते दोन्ही प्रकार बाद झाले. मातकट आठांपैकी एक फुटली. उरलेल्या सात मॅगझिनांतून प्रत्येक काडतूस सुरळीत सुटत होते, आणि त्यांच्यावर ओरखड्यांखेरीज काहीही दिसत नव्हते. मी लिहिले : ‘सात नग उत्तीर्ण.’

आता त्या दलातील एक प्रथा सांगितली पाहिजे. चाचणीत टिकलेली मॅगझिने तेथे मोडीत जात नसत. त्यांच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देत आणि ती सर्वांत अवघड चौकीवर, सर्वांत भरवशाच्या जवानांना सन्मानाने देत. इतरांना खोक्यातील नवी मिळत, यांना पारखलेली. पांढरा ठिपका कमरेला असणे ही त्या दलात मानाची गोष्ट होती. मला ती प्रथा योग्य वाटली. टिकलेल्यावर विश्वास ठेवावा, यात वावगे काय?

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता चौकीवर जाणारा ट्रक आवारात उभा होता. दौलतचा थोरला भाऊ मनिराम त्याच ट्रकने निघणार होता. भांडारातल्या शिपायाने रंगाची डबी उघडली होती. दौलतने सातांतले एक मॅगझिन निवडून हळूच खिशात घातलेले मी पाहिले. शिक्षिकेच्या नजरेतून खिशात जाणारी वस्तू सुटत नाही. परंतु ते कोणासाठी आहे हे मला ठाऊक होते, म्हणून मी गप्प बसले.

तेवढ्यात उस्तादांनी टेबलाखालून घण काढला. उरलेल्या सहांपैकी पहिले मॅगझिन ऐरणीवर ठेवले आणि एका घावात त्याचे तुकडे केले.

त्यांनी दुसरे ठेवले. तेही फोडले. तुकडा उडून माझ्या वहीवर पडला. तिसरे फुटले तेव्हा व्यापाऱ्याला कंठ फुटला.

“अहो उस्ताद, पास झालेल्या पोरांना मारताय? नापास तिकडे कोपऱ्यात पडलीत.”

“नापासांना मारायची गरज नाही, शेठ. त्यांचं काय झालंय ते आंधळ्यालाही कळतं.”

“साहेब, हे बघा. तीन दिवस माझा माल आपटला, मी काही बोललो का? आता जिंकल्यावर आपटतात.”

चाचणीला हजर असलेले दलाचे अधिकारी उठून उभे राहिले. ते शिस्तीचे, मितभाषी गृहस्थ. “उस्ताद, ही सरकारी मालमत्ता आहे. घण खाली ठेवा आणि कारण सांगा.”

उस्तादांनी घण खाली ठेवला. “कारण दोन वर्षं सांगतोय, साहेब. तोंडी सांगितलं, म्हणून कुणी लिहून घेतलं नाही. आज लिहिणाऱ्या बाई आहेत.” मग ते शिष्याकडे वळले. “दौलत, खिशातलं काढ.”

दौलतचा चेहरा उतरला. “उस्ताद, ते सगळ्यांत चांगलं आहे. मी आतून-बाहेरून बघितलंय. एक रेघ नाही त्याच्यावर.”

“म्हणून तर तेच दे. बाई, तुमची शाईची दौत मिळेल का?”

मी अद्यापही टाकाने लिहिते. निळ्या शाईची दौत मी पुढे सरकवली. उस्तादांनी चिंधीचे टोक शाईत बुडवून मॅगझिनाच्या तोंडाच्या कडांवर चोळले, वाट पाहिली, आणि मग कोरड्या फडक्याने सारी शाई पुसून टाकली. मातकट पृष्ठभाग पूर्ववत स्वच्छ झाला. केवळ कडेच्या मुळाशी, जेथे ती पेटीला जोडलेली असते तेथे, केसाएवढी निळी रेषा उरली. ती पुसेना. उस्तादांनी कड अंगठ्याने किंचित दाबली. रेषा उघडली आणि मिटली.

दौलतने ते मॅगझिन हातात घेतले. “हे मी दादाला देणार होतो,” तो म्हणाला.

तीन दिवस मी डोळ्यांत तेल घालून बसले होते, आणि वहीत माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते : उत्तीर्ण. तरीही एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये, हे मी आयुष्यभर शिकवले. मी म्हणाले, “उस्ताद, खोक्यातले कोरे मॅगझिन आणा. त्यालाही हीच शाई लावा. ही रेषा मुळातच असेल, तर दोष मालाचा; चाचणीचा म्हणता येणार नाही.”

व्यापारी माझ्याकडे कृतज्ञतेने आणि भयाने पाहू लागला. त्याने स्वतःच्या हाताने खोके फोडले. शाई लावली, पुसली. कडा स्वच्छ. दुसऱ्यावर लावली, तेही स्वच्छ. मग टिकलेल्यांतील उरलेली तीन घेतली. त्यांतील दोहोंवर निळी रेषा उमटली.

“शेठ, तुमचा माल चांगला आहे,” उस्ताद म्हणाले. “तिघांत सर्वांत चांगला. घ्यायचा तर हाच घ्यावा, असं मीच लिहून देईन. पण ऐका. परीक्षेनं वस्तूत किती बळ आहे ते कळतं, हे खरं. ते कळावं म्हणून त्याच बळातलं काही खर्चावं लागतं, हे आपण विसरतो. पत्र्याचं मॅगझिन वाकतं आणि आपलं दुखणं दाखवतं. हे वाकत नाही. मार खातं, पुन्हा सरळ उभं राहतं, आणि जे तुटलं ते आत ठेवून घेतं. आपण त्याला ठिपका लावतो आणि जिथं जिवाशी गाठ, तिथं पाठवतो. हा मान नव्हे, साहेब. ज्यानं आधीच सोसलं, त्याच्याच माथी पुन्हा सोसणं मारणं आहे. टिकलेल्यामुळं बाकीच्यांचा भरवसा ठरतो. त्याचं काम तिथं पुरं झालं. त्याला आता विसावा द्यायचा.”

मी हे शब्दशः उतरवून घेतले. लिहिताना एक जण आठवली. माझ्या शाळेत एक सहशिक्षिका होती. कोणताही वर्ग हाताबाहेर गेला की मी तो तिला देत असे. वर्षानुवर्षे, कारण ती कधी तक्रार करीत नसे. ती अचानक नोकरी सोडून गेली, तेव्हा मला नवल वाटले होते. मी तिच्या निरोपाच्या भाषणात ‘कणखर’ हा शब्द तीनदा वापरला होता.

अधिकारी रेषेकडे पाहत होते. मग दौलत बोलला, आणि त्याने जे विचारले ते त्या दिवसापूर्वी त्या आवारात कोणी विचारले नसेल.

“साहेब, मग माझा दादा?”

“त्याचे काय?”

“त्याची तिसरी खेप आहे. दोनदा जाऊन आला की दुसऱ्याचा नंबर, असं ठरलेलं असतं. पहिल्या खेपेला तीन दिवस चौकीला वेढा होता. दुसऱ्या खेपेला त्याच्या मांडीवर सोबत्यानं जीव सोडला. तुम्ही म्हणालात, मनिरामला ओरखडादेखील नाही, मनिराम पारखलेला गडी आहे, त्यालाच पाठवा. घरी तो दाराकडं तोंड केल्याशिवाय जेवायला बसत नाही, साहेब. आईच्या हातून ताट पडलं तर भिंतीला पाठ लावून उभा राहतो. विचारलं तर हसतो.”

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. नियुक्तीच्या कागदावर त्यांची स्वतःची स्वाक्षरी होती. ते म्हणाले, “मी त्याचा गौरव करीत होतो.”

“होय साहेब,” उस्ताद म्हणाले. “ठिपकाही आपण गौरवानंच लावत होतो.”

मनिरामला आत बोलावण्यात आले. पाठीवर सामानाची पिशवी, कमरेला गतवर्षीच्या चाचणीत टिकलेली, पांढऱ्या ठिपक्यांची चार पॉलिमरची मॅगझिने. त्याने दारातच थांबून सलाम केला. त्याची नजर खोलीतल्या प्रत्येक माणसावरून फिरून पुन्हा दाराकडे गेली.

अधिकारी म्हणाले, “मनिराम, या खेपेला तुझ्या जागी दुसरा जाईल.”

“माझं काही चुकलं का, साहेब?”

“नाही.”

“मग मी जातो. नव्या पोराला ती जागा झेपणार नाही. मला काय होतंय? मी टिकतो.” आणि तो खरोखरच हसला.

उस्तादांनी वाद घातला नाही. त्यांनी केवळ हात पुढे केला. मनिरामने चारही मॅगझिने रिकामी करून टेबलावर ठेवली. उस्तादांनी एकेकाला शाई लावली आणि पुसण्याचे काम दौलतला दिले. पहिले स्वच्छ निघाले. दुसऱ्यावर रेषा. तिसऱ्यावर रेषा. चौथ्याची कड दौलतच्या बोटांच्या दाबानेच निघाली आणि टेबलावर पडली. तो बारीकसा आवाज झाला मात्र, मनिराम दोन पावले मागे सरून भिंतीला पाठ लावून उभा होता.

त्याने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिले, मग स्वतःच्या पाठीमागच्या भिंतीकडे.

“वर्षभर हीच वापरत होतो,” तो म्हणाला. “काही दिसत नव्हतं.”

“नाही दिसत,” उस्ताद म्हणाले.

त्या दिवशी जे ठरले ते इतिवृत्तात असे आहे. मातकट पॉलिमरची मॅगझिने दलासाठी घ्यावीत; मात्र चाचणीत वापरलेला प्रत्येक नग, टिकलेला असो वा फुटलेला, त्याच दिवशी पंचांसमक्ष मोडावा. पांढऱ्या ठिपक्याची प्रथा बंद करावी आणि चौकीवर असलेली तशी सर्व मॅगझिने त्याच ट्रकच्या परतीच्या फेरीत मागवावीत. मनिराम मडावी याला वैद्यकीय तपासणीसह सहा महिने मुख्यालयात ठेवावे, आणि यापुढे दोन खेपा पूर्ण केलेल्या कोणत्याही जवानाला, तो कितीही भरवशाचा असला तरी, सलग तिसऱ्यांदा पाठवू नये. अधिकाऱ्यांनी प्रथम स्वाक्षरी केली. उस्तादांनी अंगठ्याची शाई पुसून सही केली. दौलतने केली; अक्षर पूर्वीइतकेच वाईट. व्यापाऱ्याने ‘फुटक्या नगांबद्दल तक्रार नाही’ असे स्वतःहून लिहून दिले, आणि पेढ्यांचा डबा न उघडताच परत नेला. ‘सात नग उत्तीर्ण’ हे माझे वाक्य मी खोडले नाही. त्याखाली ‘आणि म्हणून निवृत्त’ एवढे जोडले.

सर्वांत शेवटी मनिराम सहमत झाला. त्याने सही केली नाही. बराच वेळ उभा राहून त्याने पाठीवरची पिशवी उतरवली, भावाच्या पायाशी ठेवली, आणि दाराकडे पाठ करून बाकावर बसला.