तळं कललं तेव्हाची भिवरामाय

ऐका. ही गोष्ट आहे नांदरमाळावर बैलगाडीचीसुद्धा वाट नव्हती तेव्हाची. माळ तेव्हाही असाच उघडा होता आणि माळाच्या मधोमध तळंही असंच होतं. एका काठाला तळेश्वराचं दगडी देऊळ, त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. दुसऱ्या काठाला नुसतं गवत आणि धनगरांच्या मेंढ्या.

या तळ्यात कपिलाषष्ठीच्या योगावर बुडी मारली की माणसाच्या जिवावरचं ओझं उतरतं, असं म्हणतात. पण तो योग काय दरवर्षी येतो? वार, नक्षत्र, सूर्य, सगळ्यांनी एका दिवशी जुळून यावं लागतं. पुष्कळांचं अख्खं आयुष्य सरतं आणि योग येत नाही.

त्या वर्षी तो येणार होता. गावोगावचे लोक निघाले. त्यांत लांबच्या एका गावाहून भिवरा नावाची बाई निघाली.

भिवरा सुईण होती. तिच्या हातावर किती पोरं जन्मली त्याची गणती नव्हती. आडवं आलेलं मूल ती नुसत्या बोटांनी चुचकारून सरळ करायची, असं म्हणतात. मग तिची स्वतःची एकुलती लेक, चिमा, बाळंतपणाला माहेरी आली. भिवरानं जिवाचं रान केलं. पण चिमा गेली आणि मूलही गेलं. आईच्या हातांत गेली.

त्या दिवसापासून भिवरानं हात पदराखाली घेतले. कुणी बोलवायला आलं की ती म्हणायची, "या हातांचं यश गेलं. दुसरी सुईण बघा." केस पांढरे झाले तरी ती कुणाच्या उंबऱ्यावर गेली नाही. शेवटी कुणीतरी तिला सांगितलं की नांदरमाळाच्या तळ्यात योगावर हात बुडव, हातांचा दोष जाईल. भिवरानं शेजारच्या आनशीला सोबत घेतलं, भाकऱ्यांचं गाठोडं बांधलं आणि वाट धरली.

भादव्यातली वाट. कुठं चिखल, कुठं चटके. भिवराचे तळवे फुटले, पण ती कुठं रेंगाळली नाही. योगाच्या दिवशी ऊन चढायला लागलं तेव्हा दोघी माळावर पोचल्या. समोर पाणी चमकत होतं. देवळाच्या पायऱ्यांवर माणसांची दाटी झाली होती. आता तेवढा तळ्याला वळसा घालायचा, की झालं.

तेवढ्यात एक धनगर धावत आला. सिदू त्याचं नाव. तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकापुढं हात जोडत होता.

"माझी बायको अडलीय हो! कुणी सुईण हाय का तुमच्यात?"

लोक थबकायचे, सूर्याकडं बघायचे. "बुडी मारून येतो, बाबा," असं म्हणून पुढं व्हायचे. वाईट नव्हते ते लोक. आयुष्यभर वाट बघून आले होते.

भिवरानं मान खाली घातली आणि ती त्याच्यापुढून निघून गेली. थोडी चालली. मग तिचे पाय थांबले.

आनशी म्हणाली, "भिवरे, चल की. योग काय तुझ्यासाठी थांबणार हाय?"

"तू हो पुढं."

"अगं, हात बुडवायला आलीस ना एवढ्या लांबून? आज हुकलं तर या जन्मात काही होत नाही!"

"कळतंय मला," भिवरा म्हणाली. "पण ती पोरगी तिकडं एकटी हाय."

आनशी रडकुंडीला आली. तिनं दोनदा हात धरून ओढलं, मग पदर डोळ्याला लावत ती देवळाकडं गेली. भिवरा सिदूच्या मागं पलीकडच्या काठाकडं वळली.

उंचवट्यावर गवताची एक खोप होती. आत सिदूची बायको, बायजा, घामानं निथळत पडली होती. कोवळी पोर, अगदी चिमाच्या वयाची. भिवरा दारातच उभी राहिली. तिनं काही लपवलं नाही.

"पोरी, माझ्या हाताला यश नाही. माझी लेक याच हातांत गेली. तरी लावू का हात?"

बायजानं डोळे उघडले. "लाव, माय," ती म्हणाली. "दुसरा हात कुठनं आणू मी?"

मग भिवरानं पदर खोचला.

इकडं ऊन माथ्याकडं सरकत होतं. देवळात धोंडू गुरव शंख हातात घेऊन उभा होता. त्यानं शंख फुंकला की सगळ्यांनी एकदम बुडी मारायची, अशी रीत. खोपीत भिवराला देवळातल्या घंटा ऐकू येत होत्या, पण तिनं एकदाही मान वळवली नाही. ती बायजाच्या पोटावरून हात फिरवत होती आणि हळू आवाजात बोलत होती. "ये बाळा. वाट मोकळी हाय. ये."

आणि मूल आलं. मुलगी होती. पण निळी पडलेली, गप्प. रडेना, हलेना.

भिवरानं तिला पालथं घेतलं, पाठ चोळली. काही नाही. "पाणी!" ती ओरडली. "गार पाणी आण, सिदू!"

घागर तर केव्हाच रिकामी झाली होती. सिदूनं ती उचलली आणि तो तळ्याकडं पळाला. खाली उतरून, गवत तुडवून, पुन्हा चढून यायचं, एवढा वेळ त्या लेकराकडं नव्हता. पण सिदू पळाला आणि लगेच थांबला. त्याच्या पायांना गार लागलं. बघतो तर पाणी उंचवट्यावर चढून आलं होतं. आभाळात ढग नाही, वारा नाही, लाट नाही. मेंढ्या बाजूला सरत होत्या आणि तळं गवतातून सरसर वर येत होतं. ते खोपीच्या उंबऱ्याशी आलं आणि तिथं थांबलं, असं म्हणतात.

भिवरानं बसल्या जागी हात बाहेर काढला. तळहातावर पाणी घेतलं आणि पोरीच्या तोंडावर शिंपडलं.

पोरीनं टाहो फोडला.

त्याच वेळी देवळापुढं हाहाकार उडाला होता. माणसं बुडी मारायला वाकली आणि पाणी त्यांच्या गुडघ्यांखालून निघून गेलं. कुणी कधी न पाहिलेल्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. चिखलात मासे तडफडू लागले. कुणी म्हणालं, देव कोपला. धोंडू गुरव मात्र पलीकडं बघत होता. सगळं तळं तिकडं कललं होतं, परातीतलं पाणी कलतं तसं. त्यानं शंख फुंकला नाही. तो काठाकाठानं चालू लागला, आणि ती सगळी गर्दी त्याच्या मागं.

खोपीशी येऊन बघतात तर म्हातारी मांडीवर पोर घेऊन बसलेली, हात मनगटापर्यंत पाण्यात. सूर्य ऐन माथ्यावर होता.

धोंडू गुरव त्या उंबऱ्याशी वाकला, तिथलं ओंजळभर पाणी घेऊन त्यानं डोक्यावर घातलं. मग शंख फुंकला. मग एकेक जण वाकला. आनशीही वाकली. त्या वर्षी योगाचं स्नान सगळ्यांनी धनगराच्या दारात केलं. शेवटच्या माणसाचं झाल्यावर पाणी आलं तसं मागं फिरलं, असं म्हणतात.

भिवरा गावी परत गेली नाही. ती माळावरच राहिली. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून हाक आली की पाऊस असो, ऊन असो, ती निघायची. भरल्या ओढ्यातून गेली तरी तिचं लुगडं भिजायचं नाही, असं म्हणतात. तिच्या हाताखाली त्यानंतर एकही बाळंतीण दगावली नाही, असंही म्हणतात. लोक तिला भिवरामाय म्हणू लागले. ती कधी गेली ते कुणाला नीट ठाऊक नाही.

तिचं देऊळ नाही. पण आजही भादव्यातल्या षष्ठीला नांदरमाळावर जत्रा भरते. लोक पायऱ्यांवर येऊन उभे राहतात आणि कुणी पाण्याला पाय लावत नाही. गुरव पलीकडच्या काठाकडं तोंड करून हाक घालतो, "भिवरामाय, कुणी अडलंय का गं?" तिकडं आसपासच्या गावांतल्या सुइणी बसलेल्या असतात. कुणी अडलेली नसेल तर त्या ओरडून सांगतात, "मोकळ्या हायेत सगळ्या! उतरा!" आणि कुठल्या घरात कुणी बाई कळा देत असेल, तर त्या गप्प राहतात.

एका वर्षी पलीकडून अशीच हाक आली नाही. ऊन कललं, तरी आली नाही. लांबलांबून आलेली माणसं पायरीवर बसून राहिली. कुणी भाकरीचं गाठोडं सोडलं, कुणी पोरांना मांडीवर निजवलं. कुणी कुरकुरलं नाही. दिवस मावळायला टेकला तेव्हा पलीकडून बायकांचा आवाज आला, "मोकळी झाली!" आणि सगळी जत्रा हसत एकदम पाण्यात उतरली.