बादलीतली वार

“पण दोष नाहीच सर, तर लिहू कुठून?”

शार्दूलचा आवाज जरा चढलाच. वर्षभरापूर्वी पूनम खिलारेची वार, पोटात बाळाला पोसणारी, त्यानंच तपासली होती. आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं, आणि वार निरोगी आहे असा निर्वाळा त्यानं दिला होता. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, सहावा महिना लागला होता. तिच्या डॉक्टरीणबाईंनी विचारून पाठवलं होतं, नक्की का?

पॅथॉलॉजी विभागाचे प्रमुख हणमंते सर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले होते. वारेच्या तुकड्यांच्या त्याच चार जुन्या काचा... बराच वेळ.

“काय दिसतंय सर?”

“काही नाही.”

शार्दूल हसला. विभागात सगळ्यात झटपट निदान त्याचं, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

“मी तेच म्हणत होतो.”

“म्हणूनच भीती वाटतेय,” सर म्हणाले. “बाळ गेलं, आणि काही नाही?”

उठून त्यांनी मांडणीखालची झाकणाची बादली ओढली. बाळ दगावलेल्या बाईची वार सर टाकू देत नसत, औषधात बुडवून ठेवत. पोरं त्याला ‘सरांचं लोणचं’ म्हणायची. नाव शार्दूलनंच पाडलेलं.

सरांनी त्याला हातमोजे घालायला लावले आणि पूनमची वार त्याच्या ओंजळीत ठेवली.

कडेकडेनं नखाएवढे चार तुकडे काढलेले. बाकी सगळी तशीच.

“नियमाप्रमाणे घेतले होते सर...”

सरांनी सुरी पुढे केली.

दोन दिवसांनी नव्या काचा तयार झाल्या. पहिल्या काही स्वच्छ निघाल्या. शार्दूलला हायसं वाटलं.

मग एक आली.

वारेच्या कोवळ्या फांद्यांभोवती पेशींची दाटी. सूज, जुनी, मुरलेली. पुढची काच स्वच्छ, तिच्या पुढची पुन्हा तशीच. आईच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी बाळाच्या वाटेत ठाण मांडून बसल्या होत्या.

त्यानं सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले.

“सर, हे पुढच्या खेपेलाही होतं?”

“होऊ शकतं.”

“उपाय?”

“थोडे आहेत. लागू पडतीलच असं नाही. पण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता येतं.” सर थांबले. “पाच महिने कुणी ठेवलं नाही.”

पूनमला आजच बोलावलं होतं. बाहेर बाकावर ती एकटीच बसली होती. अर्धवट दारातून तिची सुजलेली पावलं दिसत होती.

“तुम्ही सांगा ना सर. मला भीती वाटतेय. तुझ्याच रक्तानं तुझं बाळ... हे कोणत्या तोंडानं सांगू? सुरुवात तरी कुठून करू?”

सरांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

“आधी विचार... आज बाळ हललं का.”