ताटलीतला थेंब

तो थेंब तुम्ही पाहिला होता. पाहिला आणि गप्प बसलात. कुणाला म्हणतोय हे विचारू नका, ज्याचं त्याला कळेल.

फार मागे, डोंगरापलीकडे एक गाव होतं. तिथे उन्हाळ्यात भाजीचं पान मिळत नसे. म्हणून थंडीत टोमॅटो पिकले की सगळ्या गावाचा सॉस एकाच मोठ्या कढईत शिजे. टोमॅटो वाफवायचे, साली-बिया गाळून टाकायच्या, लवंग-दालचिनीची पुरचुंडी सोडायची, थोडा गूळ, थोडा उसाचा शिरका. रंग नाही, भेसळ नाही. मग दिवसभर मंद आच. उन्हाळाभर पोरं त्याच्याशी भाकरी खात.

सॉस झाला की नाही, हे शिजवणाऱ्यानं ठरवायचं नाही, अशी तिथली रीत. त्यानं ताटलीत एक थेंब टाकायचा आणि पाठ फिरवायची. पाच घरांतल्या पाच माणसांनी तो पाहायचा. थेंबाभोवती पाण्याचं कडं सुटलं, तर सॉस कच्चा. पाचांतल्या एकानं जरी तसं म्हटलं, तरी चूल चालू ठेवायची.

कढईवर एक म्हातारी असे. सगळे तिला आक्का म्हणत. त्या वर्षी तिनं सांगून टाकलं की आपलं हे शेवटचं वर्ष. सॉस टिकला तर पुढच्या वर्षी पळी सुनेच्या हाती जाईल. सून विधवा होती. कढईच्या कामाबद्दल गाव वर्षाचं धान्य देई, दुसरा आधार नव्हता. सॉस शिजवायच्या दिवशी पहाटेपासून तीच कढई ढवळत होती.

नेमक्या त्याच दिवशी शेजारगावी कुस्त्या होत्या. गाड्या जुंपून तयार होत्या. उन्हं कलायच्या आतच माणसं आक्काला घाई करू लागली. तिनं थेंब टाकला आणि सुनेसह पाठ फिरवली.

"पळी अजून हलकी लागतेय हाताला," ती म्हणाली. "नीट बघा, बाबांनो. माझ्या सुनेची भाकरी आहे यात."

थेंबाभोवती पाणी सुटलं होतं. पाटलांनी ते पाहिलं आणि गाडीकडे नजर टाकली. "झालंय, आक्का."

दुसऱ्यानं पाहिलं. पाटलांपुढे कसं बोलायचं, असं त्याला वाटलं. तिसऱ्याला वाटलं, चौथा बोलेल. चौथा हसून म्हणाला, "आता काय कढईचा तळ शिजवायचाय का, आक्का?" पाचवा विणकर होता. त्याच्या एका शब्दानं चूल चालू राहिली असती. त्यानं ताटली खाली ठेवली आणि मान डोलावली.

सॉस बरण्यांत भरला गेला. गाड्या निघाल्या.

चैत्रात घरोघरी झाकणं उडाली. आत फेस, वर बुरशी आणि आंबूस वास. आधी गावानं कुंभाराला बोलावलं, बरण्या कच्च्या असतील म्हणून. त्यानं एकेक बरणी बोटानं वाजवून दाखवली. सगळ्या खणखणीत वाजल्या. मग कुणीतरी म्हणालं, सुनेच्या हाताला गुण नाही. ते बोलणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

आक्का काठी टेकत चावडीवर आली. तिनं पाचही जणांना एकच विचारलं, "त्या दिवशी ताटलीत पाणी सुटलं होतं का?"

पाटील आकाशाकडे पाहू लागले. विणकर आपल्या पायांकडे.

सुनेला कढईपाशी येऊ दिलं नाही. ती गाव सोडून गेली, कुठे ते कुणी विचारलं नाही. पावसाळ्यात आक्का गेली. कढई पालथी पडली, तिच्याखाली कोंबड्या बसू लागल्या. त्या उन्हाळ्यापासून पोरं भाकरी पाण्यात बुडवून खाऊ लागली. पुढे एक व्यापारी बाटल्यांतून लालभडक काहीतरी विकायला आणू लागला. त्यात काय असतं, हे त्या गावात आजही कुणाला ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, ते पाचही जण तसे भलेच होते. असतील. पण डोळ्यांना दिसलेलं खरं तोंडानं न सांगणं हाही खोटेपणाच, आणि त्याची शिक्षा बहुतेक वेळा दुसऱ्यालाच भोगावी लागते.

बऱ्याच वर्षांनी विणकराच्या लेकीला वाटलं, आपण घरी सॉस करावा. तिनं कुंभाराकडे बरणी मागितली. त्यानं चांगली पक्की बरणी निवडली, वाजवून पाहिली आणि तिच्या हातात दिली.

"बरणी ने, बाई," तो म्हणाला. "पण थेंब कुणाला दाखवशील?"