साळुंकीबाईंचं ‘कळलं का?’

झाडांवरही शाळा भरायच्या, तेव्हाची गोष्ट. आंब्यावरच्या साळुंकीबाई उडणं इतकं सुरेख समजावून सांगत, की वारासुद्धा थांबून ऐकायचा. पंचाईत एवढीच, की वर्गातलं एकही पिल्लू उडत नव्हतं. पौर्णिमेपर्यंत ती उडाली नाहीत, तर वर्ग पोपटगुरुजींकडे जाणार होता.

अशात तळ्यावरची बगळीताई येऊन मागच्या फांदीवर मुकाट बसली. ‘झालं, आता ही चुका मोजणार,’ असं मनात म्हणत साळुंकीबाईंनी आवाज चढवला. “पंख असे, शेपटी अशी. कळलं का?”

“होऽऽ!” पिल्लं ओरडली.

तास संपल्यावर बगळीताई म्हणाली, “बाई, सांगता फार छान. ‘कळलं का’ तीसदा विचारलंत, तीसदा ‘हो’ आलं. पोरं ‘हो’ म्हणायला अगदी पक्की शिकलीत.”

साळुंकीबाईंना आधी राग आला, मग हसू फुटलं. “मग विचारू तरी काय?”

“विचारू नका. ‘दाखव’ म्हणा.”

दुसऱ्या दिवशी ओठांवर, म्हणजे चोचीवर आलेलं ‘कळलं का’ त्यांनी गिळलं. “ठमे, दाखव बरं.”

ठमी धपकन गवतात पडली. “बाई, शेपटी पसरायची राहिली!” असं स्वतःच म्हणत पुन्हा वर चढली, आणि गेली की भुर्रकन जांभळीवर! मग बाकीच्यांना आवरता आवरेना. पौर्णिमेला अजून दोन दिवस होते.

साळुंकीबाई तडक तळ्यावर गेल्या. “ताई, उद्याही या हं वर्गात!”

“उद्या तुम्हीच या,” बगळीताई लाजत म्हणाली. “माझी पिल्लं माना सुंदर डोलावतात हो, पण मासा अजून एकानंही धरलेला नाही.”