वीस चितळे आणि एक सशीण

डोंगराच्या पायथ्याशी एक दाट जंगल होते आणि तिथे एक अस्वल वैद्यकी करीत असे. एका हिवाळ्यात जंगलात खोकल्याची साथ आली. अस्वलाला स्वस्थ बसवेना. ते दिवसभर मुळ्या उकरी आणि काढे उकळी. अखेर एक काढा त्याला बरा वाटला. तो आधी पिऊन पाहायला कोण तयार आहे, असे त्याने तळ्याकाठच्या कुरणात उभे राहून विचारले. तिथे चरणारी वीस चितळे पुढे आली. आठ दिवसांत वीसच्या वीस खडखडीत बरी झाली. मग अस्वलाने तोच काढा, तेवढाच, साऱ्या जंगलात वाटला.

दुसऱ्याच दिवशी एक सशीण निपचित पडली. तिची खोकणारी पिल्ले तिच्याभोवती घुटमळत राहिली. रानडुकरांचा खोकला तर जराही हटला नाही. घाबरलेले प्राणी काढा ओतून देऊ लागले. अस्वल सशिणीपाशी बसे, उठे, फेऱ्या मारी, पुन्हा वाकून तिचा श्वास पाही. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले.

अस्वल म्हणाले, "चूक माझीच. पण मी विचारले, तेव्हा तुमच्यापैकी कोणीच का आले नाही?"

"तुम्ही भर दुपारी उघड्या कुरणात विचारलेत," सशीण म्हणाली. "तिथे वर घार फिरत असते. आमच्या झुडपात येऊन विचारले असतेत, तर मी आले असते."

अस्वल खजील झाले. त्याच दिवसापासून ते झुडपांत, बिळांपाशी, रानडुकरांच्या चिखलात जाऊन विचारू लागले. सशिणीचे काय झाले, तेही ते न लपवता सांगे. जे नको म्हणत, त्यांना ते गळ घालीत नसे. बरेच जण नकोच म्हणाले. सशांतून पहिली पुढे आली ती तीच सशीण.

तिने विचारले, "आता किती थेंब?"

"मलाही अजून ठाऊक नाही," अस्वल म्हणाले. "एका थेंबापासून सुरुवात करू. मी इथून हलणार नाही."

सशांना तीन थेंब पुरले. रानडुकरांसाठी वेगळी मुळी शोधावी लागली. होळीच्या सुमारास सशिणीची पिल्ले न खोकता झोपू लागली.

तात्पर्य : जे औषध सर्वांना द्यायचे, ते पारखताना सर्व प्रकारचे जीव सोबत असावेत, आणि जे आपल्यापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत आपण जावे.