हौसाक्काची फुंकर

फार वर्षांपूर्वी, म्हणजे सायकल दिसली की गावची कुत्री तिला वेशीपर्यंत सोडायला जायची त्या काळात, निगडखिंडीत हौसाक्का राहायची. घाट चढून दमलेला माणूस पहिला तिच्याच दारात टेकायचा, आणि टेकला की अडकायचा. तिच्या हातची भाकरी खाल्ली की माणूस स्वतःचं गाव विसरायचा, असं म्हणतात.

पाहुणा निघतो म्हणाला की हौसाक्काचा जीव खालीवर व्हायचा. गाडीवानाच्या बैलांना ती इतकी वैरण घालायची की ते उठतच नसत. सायकलवाल्यांसाठी तिची युक्ती निराळी. पाहुणा हात धुवायला गेला की ही चाकांचे व्हॉल्व काढून लोणच्याच्या बरणीत टाकायची आणि अंगणात येऊन हळहळायची, "हवा गेली की वं पावणं! आता ऱ्हावाच."

एकदा वामन टिपणीस नावाचा तरुण आला. नागपूरहून निघाला होता आणि सायकलवर थेट धारवाड गाठणार होता. वाटेत गावोगावच्या लोकांनी त्याला इतकं मायेनं जेवू घातलं होतं, की घरून घालून निघालेली विजार आता कमरेला बसत नव्हती. हौसाक्कानं त्याला पाटावर बसवलं.

"मला घाई आहे हो, अक्का."

"पावण्याला घाई असतीयाच," म्हणत तिनं पिठलं वाढलं.

आपल्याकडे पाहुण्याची घाई म्हणजे संकोच. त्या घाईकडे कोण लक्ष देतो? त्यानं ताटावर हात आडवा धरला, तर हिनं हातावर तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशीही चाकात हवा नाही, आणि ताटात भाकरी मात्र आहेच. शेवटी घास तोंडात असतानाच वामनच्या डोळ्यांना धार लागली. हौसाक्काला वाटलं, ठेचा झोंबला.

"अक्का, उद्या धारवाडला माझ्या बहिणीचं लग्न आहे. तिला मी एकटाच भाऊ. मी पोचलो नाही तर नवरदेवाचा कान कोण पिळणार?"

हौसाक्कानं पळी खाली ठेवली. तिला भाऊ नव्हता. तिच्या लग्नात कान पिळायची वेळ आली तेव्हा सगळा मांडव इकडेतिकडे बघत राहिला आणि ती मान खाली घालून बसली. ते तिला अजून सलत होतं. शिवाय तेव्हा कान पिळायचा राहिला म्हणूनच आपले मालक जन्मभर कुणाचं ऐकेनासे झाले, अशी तिची पक्की खात्री होती.

ती धावत बरणीकडे गेली. व्हॉल्व निघाले, पण तेलात मुरून रबर लोणच्यातल्या फोडीसारखं मऊ झालं होतं. पंप मारावा तेवढी हवा बाहेर. वामन ओसरीवर मटकन बसला.

"लेकरा, चूक माझी हाय," हौसाक्का म्हणाली, आणि तिनं चुलीजवळची फुंकणी उचलली.

जन्मभर ओल्या लाकडांवर फुंकून तिच्या छातीचा भाता झाला होता. तिनं फुंकणी चाकाला लावली आणि अशी फुंकर मारली, की चाक टणक झालं आणि शेजारणीचे वाळत घातलेले सांडगे खालच्या आळीत जाऊन पडले. मग दुसरं चाक. भोकांवर तिनं भाकरीच्या पिठाचे गोळे थापले.

"जा. कान चांगला पिळ. आन् माझ्या वाटचा बी पिळ!"

असं म्हणतात, त्या सायकलला वामननं पायडल मारलंच नाही. ती आपली आपण पळत होती. धारवाडला भटजी भावाला हाका मारत असताना ती मांडवात शिरली. वामननं आधी बहिणीच्या वाटचा कान पिळला, मग हौसाक्काच्या वाटचा. नवरदेव असा कळवळला, की चाकांचे गोळे सुटले. हौसाक्काची फुंकर मांडवभर पसरली, गरम भाकरीचा वास दरवळला, आणि अक्षता टाकायच्या सोडून वऱ्हाडी पंगतीकडे धावले.

निगडखिंडीत अजूनही सायकलवाला आला की ताट वाढायच्या आधी विचारतात, "कुणाचा कान पिळायचा हाय का?" असेल तर शिदोरी बांधून देतात आणि घरातली थोरली बाई दोन्ही चाकांवर फुंकर घालते. नसेल तर व्हॉल्व बरणीत.

आणि गावात बिनभावाच्या मुलीचं लग्न निघालं की पोरं घाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राहतात. जो पहिला सायकलवाला येईल त्याला मांडवात आणतात, पाटावर बसवतात आणि नवरदेवाचा कान त्याच्या हातात देतात. तो बिचारा हळूच पिळायला लागला, की मागून साऱ्या बाया ओरडतात, "अजून एकदा! हौसाक्काच्या वाटचा ऱ्हायला!"